अर्जासोबत जोडलेला खुलासा

आमच्या ओटीवर बसून बाबांनी जितके खुलासे लिहिले, तितके निबंध मी दहावीपर्यंत लिहिले नसतील. बाबा एसटीत कंडक्टर होते. आमचं गाव मुरबाड तालुक्यात, धसईच्याही पुढे, आणि गावाला एक मुक्कामी गाडी होती. संध्याकाळी मुरबाडहून सुटायची, रात्री गावात थांबायची आणि सकाळी सव्वासहाला परत निघायची. कुणाकुणाच्या मिनतवाऱ्या करून बाबांनी वर्षानुवर्षं तीच ड्यूटी पकडून ठेवली होती. ड्रायव्हर गावातल्या बुद्धविहाराच्या पडवीत झोपायचा आणि बाबा घरी. बाकीचे कंडक्टर त्यांना चिडवायचे, की हा माणूस नोकरी करत नाही, रोज सरकारी गाडीनं घरी जेवायला जातो.

चिडवणारे तेच लोक सुट्टीच्या दिवशी तोंड पाडून आमच्या ओटीवर बसलेले असायचे. हातात मेमो. अमुक दिवशी तुमच्याकडून अमुक चूक झाली, खुलासा सादर करा. साहेबानं मेमो दिला की ठरलेल्या दिवसांत त्याला लेखी उत्तर द्यायचं, त्या उत्तराला खुलासा म्हणतात. बाबांचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ हे शब्द लिहिताना त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान यायचं, की मला लहानपणी वाटे, हे बहुतेक वंदनेतलेच शब्द असणार.

खुलासा लिहिण्याआधी समोरच्याला ते नियम ऐकवायचे. ते मला अजून त्यांच्या आवाजात ऐकू येतात. “खरं आसल ते पहिल्या ओळीत मान्य करून टाकायचं. मग सायबाला पुढचं वाचावंसं वाटतं. खोटं आसल तिथं शांतपणी कारण द्यायचं. दुसऱ्यावर ढकलायचं नाय. आनि रडायचं नाय. घरी म्हातारी आई हाय, पोरं ल्हान हायत, हे सायबाला काय करायचंय? त्याच्या घरी पण हायत.”

पुढे दोन हजारनंतर मी स्वतः लोकांची अप्रेझलं लिहायच्या खुर्चीवर जाऊन बसले. तेव्हा समोर आलेला प्रत्येक माणूस एकतर दुसऱ्यावर ढकलायचा, नाहीतर रडायचा, आणि मला बाबांची आठवण यायची. पण मी स्वतः या दोन्ही गोष्टी केल्यात, आणि तिसरीही एक, याहून वाईट. तीच सांगायची आहे.

बाबांचं एक मात्र होतं. हे सगळे नियम ते स्वतःच्या एका बाबतीत पाळत नसत. त्यांची गाडी लेट व्हायची. कारण साधं होतं, ते माणसांसाठी थांबायचे. “दिसलेला मानूस सोडायचा नाय,” असा त्यांचा कायदा. पाड्यावरची बाई डोक्यावर भाजीची पाटी घेऊन बांधावरून पळत येताना दिसली, की बाबा घंटी मारून गाडी थांबवायचे आणि ती येईपर्यंत दारात उभे. आता पावसाळ्यात शेतात भात उभं असतं, पलीकडचं काही दिसत नाही, त्यामुळे गाडी बऱ्यापैकी वेळेवर पोचायची. दिवाळीनंतर कापणी उरकली की शिवार मोकळं होतं आणि माणूस अर्ध्या मैलावरून दिसतो. म्हणून आमची गाडी पावसापेक्षा थंडीत जास्त लेट! हे गणित साहेबांना कधी कळलं नाही. ते मेमो द्यायचे आणि बाबा खुलाशात लिहायचे, ‘रस्त्याच्या स्थितीमुळे विलंब.’ मी एकदा विचारलं, हे खोटं नाही का? तर म्हणाले, “थांबतो म्हनून लिवलं, तर उद्या लेखी येल, थांबू नका. मग काय करू?” वीस वर्षांत ही एकच गोष्ट त्यांनी कागदावर येऊ दिली नव्हती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी कल्याणला मामाकडे राहून बी.एस्सी. केलं आणि मुरबाडच्या कारखान्यांमधल्या एका ठिकाणी मला नोकरी लागली. तिथे औषधाच्या बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनत. मी क्वालिटीत. प्रत्येक खोक्यातली थोडी झाकणं काढायची, मोजायची, आणि मोजलेलं रजिस्टरात लिहायचं. मोजायला मला आवडायचं. लिहायचा कंटाळा. बाबांचं अक्षर माझ्याकडे आलंच नाही, आलं ते आईचं तोंड.

रोज सव्वासहाला बाबांच्या गाडीनं निघायचं. मी कंडक्टरच्या शेजारच्या सीटवर बसायचे, आणि बाबा गाडीत चढल्या चढल्या सगळ्यात आधी माझाच पास तपासायचे, मोठ्यानं, “पास दाखवा बाई,” म्हणजे पोरीला फुकट नेतो असं कुणी म्हणायला नको. मग तिकिटं काढून झाली की येऊन शेजारी टेकायचे आणि डब्यात काय आहे ते विचारायचे. डबा त्यांच्यासमोरच भरलेला असायचा, तरी विचारायचे.

कारखान्यातले आमचे सुपरवायझर दक्षिणेकडचे होते. माणूस सज्जन, कामाला चोख, घरच्यांना गावी ठेवून एकटा इथे राहिलेला. हिंदी बेताचं, मराठी चारदोन शब्द. मशीनच्या खडखडाटात ते येऊन विचारायचे, “आज ये लॉट पूरा होगा?” आणि मी हातातलं काम न थांबवता म्हणायचे, “नाय तर काय!” त्यांचा चेहरा जरासा पडायचा, ते पुढे जायचे. मला वाटायचं, माणसाला पित्ताचा त्रास असावा.

वर्ष भरलं. माझी नोकरी पक्की होणार होती. त्याआधी अप्रेझलचा कागद हातात आला. पाचपैकी दोन. खाली इंग्रजीत तीन शेरे. एक, कामावर वारंवार उशिरा येते. दोन, रजिस्टर अपुरं असतं. तीन, प्रत्येक सूचनेला आधी नकार देते. त्याखाली, नोकरीत कायम करण्याची शिफारस नाही.

पहिले दोन वाचून मी गप्प होते. तिसऱ्यानं माझं डोकं फिरलं. वर्षभरात मी कुणाला काय नकार दिला? लॉट राहिला म्हणून दोनदा डबा न खाता उभी राहिले होते. मी त्या कागदाची चार घड्यांची पुडी केली, सुपरवायझरांच्या टेबलासमोरून त्यांच्याकडे न बघता चालत गेले आणि गेटबाहेर पडले. विचारायलाही थांबले नाही. रागाच्या भरात माणूस ताठ चालतो, आणि आपण किती छान चाललो याचंच त्याला समाधान असतं.

घरी दोन दिवस सांगितलं नाही, रजा आहे म्हटलं. तिसऱ्या रात्री बाबांना कागद मराठीत वाचून दाखवला. ते ओटीवर बसून ऐकत होते. तिसरा शेरा वाचला, तेव्हा म्हणाले, “नकार? तू?” मी म्हटलं, “खोटारडा आहे तो माणूस.” तेवढ्यात आईनं आतून विचारलं, “भात लावू काय?”

“नाय तर काय!” बाबा सवयीनं म्हणाले.

आणि थांबले. माझ्याकडे बघितलं. “काय गो, तो सायेब काय विचारायचा, तेव्हा तू काय बोलायचीस?”

“नाय तर काय,” मी म्हटलं. आमच्याकडे ‘नाय तर काय’ म्हणजे हो. हो म्हणजे नुसतं हो नाही, अगदी ठणठणीत हो, हे काय विचारणं झालं? पण बिचाऱ्या त्या माणसाला खडखडाटात ऐकू येणार ते पहिलं ‘नाय’. वर्षभर तो रोज येऊन विचारत होता आणि मी वर्षभर रोज, तोंडावर, नाही म्हणत होते. आणि मग मुकाट्यानं काम पूर्ण करत होते! त्याला ही मुलगी कसली विचित्र वाटली असेल. बाबा हसायला लागले ते थांबेचनात. डोळ्यांतून पाणी, ठसका, आई पाणी घेऊन बाहेर आली आणि तिला सांगितल्यावर तीही दारातच बसली. मी मात्र हसले नाही. नोकरी माझी गेली होती.

बाबा म्हणाले, उद्याच जाऊन सांग. मी गेले नाही. माझ्या नाकावरचा राग उतरायला आठ दिवस लागले, आणि आठ दिवसांनी माझ्या जागी दुसरी मुलगी उभी होती.

त्यानंतर नोकऱ्या शोधणं सुरू झालं. पहिल्या ठिकाणी त्यांनी विचारलं, आधीची नोकरी का सोडली? मी खरं सांगितलं, म्हणजे मला तेव्हा खरं वाटायचं ते. सुपरवायझरला भाषा कळत नव्हती, त्यानं अन्याय केला. समोरचे गृहस्थ मान हलवत राहिले आणि परत बोलावलं नाही. दुसऱ्या ठिकाणी अप्रेझल मागितलं, कागद बघितला, आणि मी रडले. अगदी नाक वाहेपर्यंत. एका बाईंनी मला पाण्याचा ग्लास दिला आणि दारापर्यंत सोडायला आल्या. तिसऱ्या ठिकाणी तर मीच दारातून परत आले. हळूहळू मला असं व्हायला लागलं, की सकाळी उठून चूल पेटत नसली तरी मनात यायचं, पाचपैकी दोन. भाकरी करपली, पाचपैकी दोन. त्या माणसानं एका वर्षाचे मार्क दिले होते, मी ते सबंध स्वतःलाच लावून घेतले.

मग वाशिंदच्या एका कंपनीची जाहिरात आली. लॅबोरेटरीत जागा. खऱ्या परीक्षानळ्या, खरं रसायन, ज्यासाठी मी तीन वर्षं कल्याणला मामीची बोलणी खाल्ली ते काम. माझं मी ठरवून टाकलं, ही शेवटची. ही गेली तर पुन्हा अर्ज करायचा नाही, घरी बसायचं. आईलाही तसं सांगितलं, आणि माझा हट्ट तिला माहीत असल्यामुळे ती घाबरली.

मुरबाडला टायपिंगवाल्याकडे बायोडाटा करायला गेले, तर त्यानं सल्ला दिला. ते वर्ष टाकूच नको. लिहायचंच नाही. विचारलं तर घरची अडचण सांग. मला ते एकदम पटलं. घरी येऊन मी आरशासमोर सराव सुरू केला. “मधलं एक वर्ष आईच्या आजारपणामुळे घरी होते.”

“मी कवा आजारी पडले गो?” आई आतून ओरडली. तिला खरोखर राग आला होता. सर्दीसुद्धा न होणारी बाई, दोन गावांत त्यासाठी तिचं नाव होतं.

बाबांनी ऐकलं. जेवण झाल्यावर फुलस्केप कागद, पाटी आणि पेन घेऊन बसले. विषय, मागील सेवेतील शेऱ्यांबाबत खुलासा. मी बघितलं आणि माझा तोल गेला. “बाबा, ही एसटी नाही! प्रायव्हेट कंपनीत खुलासा नसतो. त्यांनी विचारलेलंसुद्धा नाही. न मागता कोण खुलासा देतं?”

“मागून दिला तर तो जाब झाला,” बाबा म्हणाले. “आधी दिला तर मानूस खरा वाटतो. वाच तरी.”

मी वाचलं. पहिलाच मुद्दा, उशीर. ‘अर्जदार ज्या गाडीने प्रवास करीत असे ती गाडी रस्त्याच्या स्थितीमुळे विलंबाने पोचत असे.’

“रस्त्याची स्थिती?” मी म्हटलं. “गाडी तुमची होती बाबा. तुम्ही थांबायचात. कुणाची पाटी, कुणाचं पोर, कुणाचं काय. तुमच्या गाडीमुळे माझी नोकरी गेली.”

आणि तो कागद मी फाडला. त्यांच्यासमोर, दोनदा.

आई म्हणाली, “गप बस.” बाबांनी तुकडे गोळा केले, पेनाला टोपण लावलं. बोलल्याक्षणी मला कळलं होतं की हे बोलायला नको होतं, पण ते परत कसं घेतात ते मला त्या वयात येत नव्हतं. मी तशीच फणफणत जाऊन झोपले.

दोन दिवसांनी अर्ज पाकिटात घातला. बाबा म्हणाले, “दे, मी टाकतो मुरबाडला, रजिस्टर करून. पाकीट उघडंच ठेव. पोस्टात गोंद आसतो.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला बरं वाटलं. पोस्टात गोंद असतो हे खरंच होतं.

मुलाखतीचं पत्र आलं. मुरबाडहून सरळगाव, किन्हवली, शहापूर करत मी वाशिंदला पोचले, तीन तास आधी. आत एक वयस्कर मॅनेजर आणि त्यांच्या बाजूला फाइल घेतलेल्या एक बाई. मॅनेजर घाटावरचे, बोलणं मोजकं. रसायनशास्त्राचे प्रश्न विचारले, ते मला येत होते. मग त्यांनी माझा बायोडाटा पुढे ओढला. “बी.एस्सी. झाल्यावर हे वर्ष मोकळं दिसतंय?”

“आईची तब्येत बरी नव्हती सर. घरी कुणीतरी लागायचं.”

“अरेरे. काय झालं होतं?”

याचा मी सराव केला नव्हता. “असंच,” मी म्हटलं. “अशक्तपणा.”

“आता कशा आहेत?”

“आता बऱ्या आहेत.”

“छान,” असं म्हणून त्यांनी फाइलमधून एक फुलस्केप कागद काढला आणि माझ्याकडे अक्षर दिसेल असा धरला. खोलीच्या दुसऱ्या टोकावरून मी ते अक्षर ओळखलं असतं. माझ्या कानशिलांतून वाफ निघते आहे असं मला वाटलं. आधी बाबांचा राग आला, मग टायपिंगवाल्याचा, आणि मग कुणाचाच आला नाही, फक्त त्या खुर्चीवरून उठून जावंसं वाटलं.

“हा तुमच्या अर्जासोबत आला,” मॅनेजर म्हणाले. “सही आहे, अर्जदाराचे वडील. मी तीस वर्षं नोकरी करतोय, मला असा कागद कधी आला नव्हता. तुम्ही वाचलाय?”

“नाही.” हे तरी खरं होतं.

“मग ऐका.” त्यांनी चष्मा लावला आणि मधूनच सुरुवात केली. “‘मुद्दा क्रमांक तीन. अर्जदार सूचनेस नकार देते, हा शेरा गैरसमजातून झाला आहे. नाय तर काय हा शब्दप्रयोग आमच्या भागात पूर्णपणे होकारार्थी आहे. मागील सुपरवायझर साहेब परप्रांतीय असल्याने त्यांची यात काहीही चूक नाही. उलट इतका नकार ऐकूनही त्यांनी अर्जदारास एक वर्ष ठेवून घेतले, यावरून त्यांचा चांगुलपणा दिसतो.’”

बाजूच्या बाई तोंडाला रुमाल लावून हसत होत्या. मॅनेजर हसले नाहीत, पण त्यांचा आवाज जरा सैल झाला.

“‘मुद्दा क्रमांक दोन. रजिस्टर अपुरे असणे. हा मुद्दा खरा असून मान्य आहे. अर्जदारास लिहिण्याचा कंटाळा लहानपणापासून आहे. समज दिल्यास सुधारणा होते, असा पालकांचा अनुभव आहे.’ बरोबर?”

“बरोबर आहे सर,” मी म्हटलं. मला हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्ही मना होतं.

“आता पहिला.” त्यांनी कागद जरा लांब धरला. “‘मुद्दा क्रमांक एक. उशिरा येणे. हा शेरा खरा आहे, परंतु त्यास अर्जदार जबाबदार नाही. अर्जदार ज्या गाडीने येत असे त्या गाडीचा वाहक वाटेतील प्रवाशांसाठी गाडी थांबवीत असे. भातकापणीनंतर शेते मोकळी होऊन प्रवासी लांबून दिसतात, त्यामुळे नोव्हेंबर ते मे या काळात विलंब अधिक होत असे. सदर विलंबास सर्वस्वी तो वाहक जबाबदार आहे. सदर वाहक मीच आहे.’” ते थांबले. “आणि खाली सही, आणि बिल्ला नंबर टाकलाय.”

वीस वर्षांत जे त्यांनी आपल्या साहेबांना लिहून दिलं नाही, ते त्यांनी एका अनोळखी कंपनीला नंबरासकट लिहून दिलं होतं. मी रागात बोललेलं वाक्य त्यांनी उचललं, नीट केलं आणि स्वतःच्या नावावर लावलं. मी खाली बघत राहिले. टेबलाच्या कडेची सनमायका निघालेली होती, ती मी बोटानं दाबत बसले.

“हे खरं आहे?” मॅनेजरांनी विचारलं.

हो म्हटलं असतं, तर सुटले असते. बाबांनी तेवढ्यासाठीच तर लिहिलं होतं.

“गाडी थांबायची, ते खरं आहे सर,” मी म्हटलं. “पण पूर्ण खरं नाही. पावणेसहाला आमच्या गावातून एक जीप सुटायची. धसईची, आमच्याकडची कारखान्यात जाणारी सगळी मुलं तिनंच जायची. ती एकदाही लेट झाली नाही. मी तिनं गेले असते, तर मला एकही लेटमार्क लागला नसता.”

“मग का नाही गेलात?”

“मला बाबांच्या गाडीनं जायचं असायचं.”

आता तोंड उघडलंच होतं, तर बाकीचंही बाहेर पडलं. की मी तीन वर्षं कल्याणला होते, आणि त्याआधी बाबा आले की मी झोपलेली आणि उठले की ते गेलेले. तो गाडीतला सव्वा तास सोडला तर बाबा मला असे कधी मिळालेच नव्हते. ते शेजारी येऊन बसायचे, डब्यात काय आहे विचारायचे. त्यापुढे लेटमार्क मला काही वाटायचा नाही. “आणि आईला काही झालेलं नव्हतं सर,” मी म्हटलं. “ती कधीच आजारी पडत नाही.”

मॅनेजरांनी तो कागद नीट फाइलला लावला, पंच करून, जसं बाबांना आवडलं असतं तसं. “इथे आठ म्हणजे आठ,” ते म्हणाले. “तुमच्या गावाहून रोज जमायचं नाही. राहायची सोय आहे?”

“मावशी आहे, वाशिंदलाच.”

“सोमवारपासून या. आणि रजिस्टर लिहायचं.”

मी नाय तर काय म्हणणार होते, पण सावरून नुसतं “हो सर” म्हटलं.

परत मुरबाडला पोचले तेव्हा बाबांची गाडी स्टँडवर लागलेली होती. मी माझ्या सीटवर जाऊन बसले. बाबा दारात उभे, त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आधी पास मागितला. पास संपलेला होता, मी तिकीट काढलं. गाडी गावाबाहेर पडली, तिकिटं झाली, मग ते येऊन शेजारी टेकले. पुढे बघत म्हणाले, “वाचला काय त्यांनी?”

“वाचला. मोठ्यानं.”

“मग?”

“सोमवारपासून जायचंय.”

त्यांनी मान हलवली. कुणाला तरी उतरायचं होतं म्हणून घंटी मारली, परत मारली. मग म्हणाले, “सोमवारपासून तू मावशीकडं, म्हंजे.”

ते तोपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. नोकरी मिळाली या आनंदात मी वाशिंद ते मुरबाड आले होते, आणि ती मिळाली म्हणजे ही सीट गेली, हे बाबांनी सांगितल्यावर कळलं. मी घाईघाईनं म्हटलं, “बाबा, मी त्या दिवशी बोलले ते खोटं होतं. तुमच्या गाडीमुळे काही गेलं नाही. मी त्यांना सांगून आले, पावणेसहाला जीप होती. मलाच तुमच्याबरोबर यायचं असायचं.”

बाबा काही वेळ ट्रेमधली तिकिटं सारखी करत राहिले.

“जीप मला दिसत नव्हती काय गो?” ते म्हणाले. “रोज आपल्या दारावरनं जायची. मी कवा बोललो तुला, तिनं जा म्हनून?”